खारी कैरी कुणाच्या हातची

वाळूजच्या एका गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात रत्नमाला एकोणीस वर्षं पॅकिंगला आहे. गेल्या सप्टेंबरात तीन आठवडे तिला नीट जेवण गेलं नाही. लाइनवर उभी असली तरी नजर सारखी मालक शिवमच्या कॅबिनच्या काचेकडे जायची. घरी आली की भाजी चिरता चिरता उठायची, गॅलरीत जायची, परत यायची. नवरा इंद्रजीत दुसऱ्या कंपनीत शिफ्टला. त्याने दोनदा विचारलं, "झालंय काय तुला?" तिने दोन्ही वेळा "काय नाय" म्हणून सांगितलं. आई मात्र काही विचारत नव्हती. चंपाबाई खाटेवर बसून शेंगा सोलायच्या आणि लेकीच्या येरझाऱ्या बघायच्या.

हे सगळं सुरू झालं ते राजनंदिनीमुळे.

कारखान्याचं मुख्य उत्पादन म्हणजे 'द्वारकाआजीची खारी कैरी'. पोपटी कागदातली गोळी. वरून गोड, चघळत गेलं की आंबट, आणि मधे अचानक खारट. कागदावर आणि बरणीच्या लेबलवर डोक्यावर पदर घेतलेल्या, मोठं कुंकू लावलेल्या म्हातारीचं चित्र. पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेलं : 'पाचोडच्या द्वारकाआजींच्या स्वयंपाकघरातून, १९८४ पासून.' मराठवाड्यातल्या किराणा दुकानांत, एसटी स्टँडवर या गोळीची बरणी नाही असं होत नाही. आप्पासाहेबांनी पाचोडला पत्र्याच्या शेडमध्ये हा धंदा सुरू केला आणि पुढे वाळूजला आणला. ते जाऊन दहा वर्षं झाली. आता नातू शिवम सगळं बघतो. कागदावरच्या द्वारकाबाई म्हणजे त्याची सख्खी आजी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, अजून टुणटुणीत.

शिवमच्या डोक्यात हॅलोविन आलं होतं. शहरात क्रांती चौकातल्या दुकानांत ऑक्टोबर लागला की भुतांचे मुखवटे लटकायला लागलेत, इंग्रजी शाळा आणि सोसायट्या पार्ट्या करतात, पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये तर विचारूच नका. त्याला खारी कैरीचं हॅलोविन पाकीट काढायचं होतं, काळं आणि नारिंगी. त्यासाठी पुण्याहून राजनंदिनी आली होती. ब्रँडचं काम करणारी, तिशीतली, गळ्यात कॅमेरा, पायात बूट. तिने आल्या आल्या सांगितलं, "मला आधी या गोळीची गोष्ट हवी. जुने कामगार कोण आहेत?"

जुन्यांत रत्नमालाच. शिवमने तिला लाइनवरून बोलावलं.

चहा पिता पिता राजनंदिनीनेच आधी हॅलोविनची माहिती दिली. त्या दिवशी परदेशातली पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार फिरतात आणि गोळ्या मागतात.

"पण ताई, आधी तिथं गोळ्या नव्हत्याच," ती म्हणाली. "सफरचंद द्यायचे, आक्रोड द्यायचे, घरी केलेलं गोडधोड द्यायचे. त्रिकोणी मक्याच्या दाण्यासारखी एक गोळी आहे तिकडे, शंभर वर्षांहून जुनी. तिचासुद्धा सुरुवातीला या सणाशी संबंध नव्हता. मोठ्या कंपन्या पुढे आल्या आणि हा दिवस गोळ्यांचा करून टाकला. मग अफवा उठल्या, की घरच्या खाऊत कुणी विष घालतं, सुया टोचतं. तसं फारसं कुठं घडलं नव्हतं म्हणे. पण लोक घाबरले. तेव्हापासून दुकानातली, कागदात बंद असलेली गोळीच चालते. कागद असला की कुणाच्या हातची आहे, हे कुणी विचारत नाही."

रत्नमालाच्या हातातला कप थांबला.

"कुणाच्या हातची," ती म्हणाली. "इथं पन तेच झालं व्हतं."

आणि मग तिने सांगितलं. चाळीस वर्षांत घराबाहेर न सांगितलेलं.

पाचोडच्या शेडमध्ये भट्टीवर तिची आई होती. आप्पासाहेब तेव्हा साध्या लिंबाच्या गोळ्या करायचे, त्या फारशा खपायच्या नाहीत. चंपाबाई कढईत पाक घोटायची, परातीत ओतायची, लांब वळ्या करून कापायची. त्यात तिला दिवस गेले. साखरेच्या वासाने तिला भडभडून यायचं, पण कामावर जाणं भाग होतं. पदराला ती आंबोशी बांधून ठेवायची, मीठ लावून वाळवलेल्या कैरीच्या फोडी. ओकारी आली की एक तोंडात टाकायची. एक दिवस काही केल्या पाकाजवळ उभं राहवेना, तेव्हा तिने आंबोशी आणि काळं मीठ कुटून, थोडं जिरं घालून शेवटच्या कढईत टाकलं. स्वतःला वास सोसावा म्हणून. आप्पासाहेब आधी ओरडले. मग त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि दुसरी उचलली. दुसऱ्या दिवशी आंबोशीचं पोतं आणून ठेवलं.

"त्या येळंला पोटात मी व्हते," रत्नमाला म्हणाली. "म्हंजे ही गोळी आनि मी एकाच वयाच्या."

"मग कागदावर द्वारकाआजी कशा?"

"आम्ही जयभीमवाले. नामांतराचा राग गावागावांत निवळला नव्हता. आमच्या हातची गोळी कोन घेनार? मालकांनी सांगितलं, घरच्या बाईनं केली. झालं."

राजनंदिनीने सगळं रेकॉर्ड केलं. जाताना तिने रत्नमालाचा हात हातात घेतला. "हीच खरी गोष्ट आहे. मी शिवमसरांशी बोलते."

तिथून रत्नमालाची तगमग सुरू झाली. बोलायला नको होतं, असं सकाळी वाटायचं. दुपारी वाटायचं, अजून जास्त सांगायला हवं होतं. शिवम समोरून गेला तर ती मान खाली घालायची. तो मात्र नेहमीसारखा "काय मावशी, बरंय ना?" म्हणून पुढे जायचा. नोकरी जाईल का? आईचं नाव छापतील का? हे दोन्ही विचार एकाच वेळी डोक्यात फिरायचे, आणि हाताखालची पाकिटं वाकडी सील व्हायची. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सुपरवायझरने तिचा माल परत पाठवला.

तीन आठवड्यांनी शिवमने बोलावलं. टेबलावर रंगीत कागद पसरलेले होते. तो हसत होता.

"मावशी, बसा. एक गंमत झाली. आर्टिस्टनं आजीचंच चित्र घेऊन हॅलोविनसाठी चेटकीण काढली. बघा."

रत्नमालाने बघितलं. तोच पदर, तोच चेहरा. वर काळी टोकदार टोपी, नाक जरा लांब केलेलं, मागे झाडू आणि चंद्र. चित्र झकास होतं. तिलाही क्षणभर हसू आलं.

"पण मम्मीनं घर डोक्यावर घेतलं," शिवम म्हणाला. "म्हणे, आमच्या घरच्या बाईला चेटकीण करता? नातेवाईक काय म्हणतील? आजीला तर अजून दाखवलंच नाही. मग राजनंदिनी मॅडमची रेकॉर्डिंग मी ऐकली. आणि मला सुचलं." त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. "चेहरा थोडा बदलला, कुंकू काढलं. नाव बघा."

काळ्या कागदावर नारिंगी अक्षरं होती : 'चंपा चेटकीण. खारी कैरी.'

"तुमची इच्छा होती ना, आईचं नाव यावं? खरी गोष्ट पण मागे छापू, दोन ओळीत. सगळ्या महाराष्ट्रात जाईल नाव."

त्याच्या चेहऱ्यावर खोट नव्हती. तो खरंच खूश होता, आणि तिनेही खूश व्हावं म्हणून वाट बघत होता. जे नाव ती तीन आठवडे मनात लिहून बघत होती, ते समोर छापलेलं होतं. आणि ते वाचताना तोंड कडू झालं होतं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

"उद्या नक्की. खंडेनवमीच्या आत छपाईला जायला पाहिजे."

सुट्टी झाल्यावर ती सरळ घरी गेली नाही. बजाजनगरच्या भाजीबाजारातून दोन चकरा मारल्या, काहीच घेतलं नाही. एका दुकानाच्या पायरीवर बसली, लगेच उठली. नाव येतंय, तर येऊ द्यावं. पोरं काय, दोन दिवस हसतील, कागद फेकून देतील. पण मागची ओळ कुणीतरी वाचेल. दुसरं मन म्हणायचं, द्वारकाकाकूंच्या तोंडावर टोपी चढवली तर घर पेटलं, आणि माझ्या आईच्या तोंडावर चढवली की ते बक्षीस?

घरी चंपाबाई चहा करत होत्या. रत्नमालाने मोबाइलवर काढलेला फोटो त्यांच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. चंपाबाईंना वाचता येत नाही. चित्र बघून त्या आधी हसल्या. हसता हसता खोकला आला.

"टोपी लई उंच हाय," त्या म्हणाल्या. "खाली काय लिहिलंय?"

रत्नमालाने वाचून दाखवलं.

चंपाबाईंचं हसू थांबलं. त्यांनी चहाचं पातेलं उतरवलं, गॅस बंद केला, मग खाटेवर येऊन बसल्या.

"हे एकदा म्हनून झालंय," त्या म्हणाल्या.

"कोन म्हनलं?"

"तू दीड वर्साची व्हतीस. पाचोडच्या बाजारात मीच टोपलं घेऊन बसायची तवा. मालकांची गोळी, पन इकायला मी. बांगड्यावाल्याच्या पोरीनं गोळी खाल्ली आनि तिला उलट्या लागल्या, ताप भरला. कुनीतरी इचारलं, गोळी कुनाच्या हातची? कळलं तसं गर्दी झाली. म्हनाले, हिनं चेटूक केलं. हिची नजर वंगाळ हाय, गोड करताना मनात जहर ठेवती. टोपलं उलटं केलं. एकीनं माझ्या झिंज्या धरल्या. तू माझ्या मांडीवर."

रत्नमालाने हे कधी ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षांत एकदाही नाही.

"मग?"

"आप्पासाहेब धावत आले. म्हनाले, सोडा तिला, गोळी माझ्या बायकोनं केलीय, ही नुसती इकती. त्यांच्या घरच्या बाईला कोन चेटकीन म्हननार? लोक गप झाले. पोरगी दोन दिसांनी बरी झाली, तिनं पेरू खाल्ले व्हते कच्चे. पन माझं बाजारात बसनं बंद झालं ते कायमचं. पुढच्या म्हैन्यात कागद छापून आला."

खाली कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला.

"त्या दिशी त्यांचं खोटं माझ्या कामाला आलं," चंपाबाई म्हणाल्या. "मागून त्यांच्या कामाला आलं. मला राग नाय. पन हे नाव त्या शब्दाला चिकटवून नको. नाय तर नाय आलं नाव."

दुसऱ्या दिवशी रत्नमालाने शिवमला सांगितलं. बाजाराची हकिकतही सांगितली. शिवम ऐकत होता, पेन टेबलावर आपटत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, मला हे माहीत नव्हतं. पण आता दुसरं डिझाइन कुठून आणू? नेहमीच्या कागदावरचं नाव तर मी बदलू शकत नाही. चाळीस वर्षांचा ब्रँड आहे."

"मी बदला म्हनले नाय, दादा. फक्त हे छापू नका."

"बघतो," तो म्हणाला. ते 'बघतो' कुठल्या बाजूला पडणार, हे तिला कळेना.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. झेंडूच्या माळा कढयांना, कटिंगच्या मशीनला, पॅकिंगच्या पट्ट्याला. द्वारकाबाई दरवर्षी नारळ फोडायला येतात. त्या दिवशीही आल्या, काठी टेकत, सगळ्यांची विचारपूस करत. कॅबिनमध्ये पाणी प्यायला बसल्या आणि टेबलावरचे दोन्ही कागद त्यांना दिसले. काढून ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रत्नमाला प्रसादाचं ताट घेऊन दारात उभी होती. द्वारकाबाईंनी चष्मा लावला. टोपी घातलेला स्वतःचा चेहरा बघितला. मग दुसरा कागद डोळ्यांजवळ नेला.

"ही चंपा कोन?" त्यांनी विचारलं. "आपली चंपा?"

शिवम गडबडला. "आजी, ते कॅन्सल होणार आहे. रत्नमाला मावशींनी नको म्हटलंय. मम्मीला तुमचं चित्र आवडलं नाही, म्हणून दुसरं…"

"म्हंजे मी चेटकीन चालत नाय आनि चंपा चालती?"

द्वारकाबाई उठल्या. दोन्ही कागद हातात घेऊन बाहेर आल्या, जिथे सगळे कामगार पूजेसाठी गोळा झाले होते. रत्नमालाला वाटलं, आता आपल्यामुळे तमाशा होणार, आणि तिने ताट गच्च धरलं.

"ऐका रे," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज फार मोठा नव्हता, पण मशिनी बंद होत्या. "ह्या गोळीवर माझं तोंड हाय. माझ्या लग्नाला वर्सं झाली पन्नासच्या वर, पन कढईची वाफ मला कधी सोसली नाय. माझ्या हाताला पाक लागलेला नाय. ही गोळी चंपानं केली. बाजारात तिचं टोपलं उलटं केलं तवा मी घरात व्हते. रात्री मालक म्हनाले, तुझं नाव सांगितलंय. मी म्हनले, बरं केलं. दुसऱ्या दिशी तिला भेटायला जावं, एवढंबी केलं नाय मी. आज बोलते."

मग त्यांनी नारळ फोडला. पूजा नेहमीसारखी झाली. पेढे वाटले गेले. पण लाइनवरच्या बायका रत्नमालाकडे वेगळ्याच नजरेने बघत होत्या. एकीने हळूच तिच्या दंडाला हात लावला. जाताना द्वारकाबाई तिच्यापाशी थांबल्या.

"चंपाला सांग, मी येनार हाय."

"या, काकू."

"रागावली असंल."

"रागावली नाय. पन इसरली बी नाय."

घरी येऊन रत्नमालाने सगळं जसंच्या तसं सांगितलं. चंपाबाईंनी ऐकून घेतलं. "इतकं बोलली?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या म्होरं?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "लई उशीर केला," आणि दुसऱ्या दिवशीची पांढरी साडी इस्त्रीला काढली. उद्या लेणीवर धम्मचक्राच्या दिवसाला जायचं होतं.

द्वारकाबाई खरंच आल्या, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. दोघी खाटेवर तासभर बसल्या. काय बोलल्या, ते रत्नमालाला नीट कळलं नाही, कारण ती चहाच्या नावाखाली सारखी आत-बाहेर करत होती. जास्त वेळ दोघी आपापल्या गुडघ्यांबद्दलच बोलत होत्या असं तिला वाटलं. एकदा ती बाहेर आली तेव्हा द्वारकाबाईंच्या डोळ्याला पदर होता आणि चंपाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

हॅलोविनच्या पाकिटावर शेवटी चेहराच आला नाही. हसणारा लाल भोपळा छापला, दात विचकलेला. माल पुण्याला गेला, थोडा खपला, बाकीचा नोव्हेंबरात परत आला. कामगारांनी तो वाटून घेतला. बजाजनगरची पोरं महिनाभर काळ्या-नारिंगी कागदातल्या खाऱ्या कैऱ्या चघळत होती.

पण डिसेंबरात बरणीचं नवीन लेबल आलं. द्वारकाबाईंचं चित्र तसंच होतं, ब्रँड शिवमने हलवला नाही. मात्र पाठीमागची स्वयंपाकघराची ओळ गेली होती. तिच्या जागी होतं : 'पहिली कढई : चंपाबाई अप्पाराव खरात, पाचोड, १९८४.' राजनंदिनीने पुण्याहून फोन करून सांगितलं, की त्या एका ओळीसाठी तिने शिवमशी चार वेळा वाद घातला. वकिलाचंही मत घ्यावं लागलं.

रत्नमाला रिकामी बरणी घेऊन जवळजवळ पळतच घरी आली. आईचं बोट धरून तिने एकेका अक्षरावरून फिरवलं.

"हे चंपाबाई. हे खरात. हे पाचोड."

"आनि हे मधलं?"

"अप्पाराव. बाबांचं."

चंपाबाईंनी बोट मागे घेतलं. "त्याचं नाव कशाला?"

"आई, नवऱ्याचं नाव लागतंच की मधे. वडीलच ना माझे."

"बाप व्हता तुझा, नाय कुठं म्हनते? पन कढई घोटताना तो कुठं व्हता? सुरतेला. तू झालीस तवा बी नव्हता आला. त्यानं एक वळी कापली नाय का एक गोळी चाखली नाय." त्यांनी बरणी खाली ठेवली. "ज्यानं केलं त्याचं नाव लिहायचं म्हनत व्हता ना तुम्ही?"

रत्नमालाला हसावं की रडावं कळेना. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं होतं, की आता स्वस्थ बसता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजेरी लावण्याआधीच ती शिवमच्या कॅबिनच्या दारात उभी होती.

"आता काय मावशी?" त्याने घाबरूनच विचारलं.

तिने सांगितलं. शिवमने कपाळाला हात लावला, मग हसायला लागला. "लेबलाचे रोल छापून आलेत. ते संपल्याशिवाय नवीन नाही. मार्चमध्ये करू."

"मार्चमधी नक्की?"

"नक्की."

"लिहून ठेवा. माझ्यासमोर."

त्याने लिहून ठेवलं. तिने वाकून अक्षरं वाचली, एकदा, पुन्हा एकदा, मग लाइनवर गेली.

आता मार्च अर्धा सरलाय. छपाईवाल्याचा टेम्पो गेटमधून आत आला की रत्नमाला शेजारणीला पट्टा सांभाळायला सांगते आणि बघून येते.